बोरी-बाभळींनी घातलेली समजूत

सीतेच्या वनवासावरची एक ओवी जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या तोंडी गावोगाव थोड्याफार फरकाने ऐकू यायची. वनात कोणीतरी रडतंय, जरा कान द्या, असं पहिला चरण सांगतो. दुसऱ्या चरणात सीतेला समजवायला बायका आलेल्या असतात, आणि त्या बायका म्हणजे बोरी आणि बाभळी. ओवी इथेच संपते. रामाला दूषण नाही, वनवास का घडला याचा खुलासा नाही.

वनात वड-पिंपळही असतीलच. पण वडाला पूजा मिळते, पिंपळाला पार मिळतो. बोर आणि बाभूळ माळावर, बांधावर, मिळेल तेवढ्या पाण्यावर वाढतात आणि दोघींच्या अंगावर काटे असतात. रडणारीजवळ ओवीने नेमक्या याच दोघी पाठवल्या. टोचणं काय असतं हे जिला ठाऊक, तीच समजूत घालू शकते, हे ओवी न बोलता सांगून जाते. यमकही पाहण्यासारखं आहे. पहिल्या चरणाच्या शेवटी ‘ऐका’ अशी विनंती आहे, आणि तिला जुळणारा शब्द आहे बायका. रडणं ऐकणारं कोण, याचं उत्तर यमकानेच देऊन टाकलं आहे.

गाणारीने स्वतःचं नाव कुठेच घेतलेलं नाही. सासर, मार, टाकून दिलेलं आयुष्य हे सगळं तिने सीतेच्या पदरात घातलं. उघड बोलली असती तर घरात आग लागली असती, आणि सीतेचं गाणं तर सासूही ऐकत बसते. मनातलं दुसऱ्या पात्राच्या तोंडून बोलायला लावण्याची ही रीत आज नाट्योपचारातही वापरतात.

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण शब्दशः खरी आहे. खुंटा हातात, थोडं पुढे वाकलेलं अंग, समोर जाऊ नाहीतर शेजारीण. एक मूठ वैरायची, ती दळून होईतो एक ओवी. दुःखाचं अख्खं पोतं एकदम ओतता येत नाही, जातं अडतं. मूठमूठच घालावं लागतं. ओवीचा आटोपशीर घाट दुःखालाही हेच माप लावतो, आणि तिचा गुण मला या मापातच दिसतो.

कामाच्या लयीत ओवी गाण्याची ही रीत जुनी आहे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. हळदीच्या दिवशी तेवढं जातं पुजायला बाहेर येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून निदान शब्द आणि काही आवाज तरी हाती राहिले.

जात्याचे गोडवे गाताना भान सुटू नये. पहाटेचं दळण ही सक्तीची मेहनत होती आणि ओवीने कुणाचं सासर बदललं नाही. गिरणी आली हे बरंच झालं. पण गिरणीसोबत समोरची ती दुसरी बाई उठून गेली, तिची जागा कशानेच भरली नाही. आता कलोपचाराच्या शिबिरात कोणी ओव्या घेणार असेल तर नुसतं जातं मांडून आणि ध्वनिफीत लावून भागणार नाही. हाताला काम हवं, गाण्याला माप हवं आणि समोर काटे सोसलेली एक बाई हवी.

तुमच्या घरात ओव्या येणारी कोणी असेल तर तिच्यासमोर रेकॉर्डर धरण्याआधी शेंगा फोडायला बसा. ओवी हाताच्या कामानेच सुटते.