प्रसारणाचे मूल्य : परवाना, वर्गणी आणि रिचार्ज

प्रसारणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न सांप्रत ज्या रीतीने मांडला जातो ती रीतच सदोष आहे. एका बाजूस नेटफ्लिक्स, झी५, जिओहॉटस्टार यांसारख्या मंचांना दरमहा पैसे मोजणारा ग्राहक उभा केला जातो; दुसऱ्या बाजूस आकाशवाणी व दूरदर्शन यांना करांच्या रूपाने पोसणारा नागरिक. मग या दोहोंपैकी कोणाचे पैसे अधिक सत्कारणी लागतात याचा हिशेब सुरू होतो. या हिशेबात असे गृहीत धरलेले असते की, दोन्ही ठिकाणी मिळणारी वस्तू एकच असून फरक काय तो किमतीचा व दर्जाचा आहे. हे गृहीत तपासावयाचे तर भाषेकडे वळणे सोयीचे पडते. कारण पैसे देण्याच्या क्रियेला लोक कोणते नाव देतात, यावरून त्या व्यवहारातील नाते त्यांना कसे दिसते हे कळून येते.

नागपूरच्या दक्षिण टोकास मानेवाडा, म्हाळगीनगर ओलांडल्यावर लागणारे हुडकेश्वर हे या दृष्टीने बरे उदाहरण होय. काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीच्या अमलाखाली असलेले हे गाव पुढे महानगरपालिकेच्या हद्दीत आले; शेते जाऊन तेथे ले-आऊट पडले. येथे गणपतीच्या दिवसांत मंडळाची पोरे दारी येतात ती वर्गणी मागावयास. नागपुरी सवयीने तिला चंदा असेही म्हटले जाते. केबलवाला येतो तो मात्र ‘पैसे’ न्यावयास येतो. आणि फोनवर मालिका वा सामने पाहण्यासाठी जी रक्कम भरली जाते तिला वर्गणी कोणीच म्हणत नाही. तेथे ‘रिचार्ज मारला’ असा प्रयोग होतो. मंचांच्या जाहिरातींत या व्यवहारास ‘सदस्यता’ म्हटलेले असते. सदस्य म्हणजे मूलतः सदसात, सभेत बसणारा. ज्याला सभेत आसन आहे तो. दरमहा १९९ रुपये भरणाऱ्यास असे कोणतेही आसन मिळत नाही. कोणती मालिका बंद करावी, कोणत्या भाषेत भाषांतर द्यावे, दर किती वाढवावा, यांपैकी एकाही गोष्टीत त्याला विचारले जात नाही. लोकांनी ‘सदस्यता’ हा शब्द बाजूस सारून ‘रिचार्ज’ स्वीकारला, यात त्यांच्या भाषिक विवेकाचीच साक्ष आहे. बॅटरी उतरते, ती पुन्हा भरावयाची. एवढेच ते नाते.

याउलट, सार्वजनिक प्रसारणाचा पैसा तरी वर्गणी या संज्ञेस पात्र होता काय? इतिहास पाहू गेल्यास उत्तर फारसे सुखावह नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू करणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खाजगी होती, व श्रोत्यांकडून वर्षाकाठी घेतल्या जाणाऱ्या दहा रुपयांच्या परवाना-शुल्कातील आठ रुपये तिला मिळत. परवाने पुरेसे खपले नाहीत, आणि १९३० साली कंपनी दिवाळखोरीत निघून प्रसारण सरकारच्या हाती गेले. शुल्क तसेच राहिले. टपाल कचेरीत रांग लावावी, परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटे डकवून घ्यावीत, हा परिपाठ १९८५ च्या सुमारास परवाना रद्द होईतो चालला. ‘परवाना’ हा शब्दच येथे बोलका आहे. तार-अधिनियम १८८५ साली झालेला. त्याच्या आधारे सरकार ऐकण्याची अनुज्ञा देत होते आणि अनुज्ञेचा मोबदला घेत होते. ब्रिटनमध्येही बी.बी.सी.चे शुल्क कायद्याने परवानाच आहे, व एप्रिल २०२५ पासून ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स इतके झाले. परंतु तेथे त्या शुल्काच्या बळावर श्रोता संस्थेस जाब विचारू लागला, आणि दरवाढीचा प्रश्न निघाला की संस्थेच्या कामाचीही झडती होते. आपल्याकडे परवाना गेला तो कोणाच्याही नकळत गेला. त्याची उणीव कोणास भासली नाही. कारण त्या पुस्तिकेने श्रोत्यास एकही हक्क दिलेला नव्हता. शुल्कासोबत श्रोता व संस्था यांच्यामधील अखेरचा प्रत्यक्ष दुवाही तुटला, ही गोष्ट मात्र त्या वेळी दुर्लक्षित राहिली.

नागपूरच्या बाबतीत या इतिहासास एक स्थानिक पदर आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा हे शहर मध्यप्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताची राजधानी होते. १९५६ साली ते पद गेले, केंद्र राहिले. पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे श्रोत्याच्या कानाची किंमत तिसऱ्यानेच मोजावयाची, हा व्यवहार सार्वजनिक प्रसारणात ज्या शहरांनी प्रथम पाहिला त्यांत नागपूर होते. आजचे ‘फुकट’ पाहता येणारे मंच त्याच वाटेने चालले आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे सरकारी आणि खाजगी यांच्यामधली रेषा समजली जाते तितकी ठळक नाही हे पटते.

तथापि एक भेद उरतो, आणि तोच महत्त्वाचा आहे. ग्राहक जे विकत घेतो ते संग्रहातून निवड करण्याचे स्वातंत्र्य होय. सार्वजनिक प्रसारणाने द्यावयाचे असते ते संबोधन. ‘श्रोते हो’ म्हणणाऱ्याच्या मनात श्रोत्याचे गाव असावे लागते. १९९० च्या प्रसार भारती अधिनियमाच्या बाराव्या कलमात देशातील विविध प्रदेशांच्या संस्कृती व भाषा यांना पुरेसे स्थान देणे हे महामंडळाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. असे कर्तव्य कोणत्याही सशुल्क मंचावर नाही. तेथे भाषा ही मागणीची बाब आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय मंचांवर परदेशी मालिकांचे हिंदी, तमिळ, तेलुगू ध्वनिमुद्रण सहज आढळते, मराठी क्वचित. याचे कारण मराठीद्वेष नव्हे. मराठी माणूस हिंदी समजतो, तेव्हा त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला, असा तो साधा हिशेब आहे. मराठी भाषकाचे द्विभाषिकत्व अशा रीतीने त्याच्याच भाषेच्या मुळावर येते.

या संदर्भात ‘झुंड’ या चित्रपटाचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट मार्च २०२२ मध्ये चित्रगृहांत आला व त्याच वर्षी मे महिन्यात झी५ या मंचावर. कथा नागपूरची, वस्ती नागपूरची, बहुतेक मुलेही तेथलीच. परंतु चित्रपट हिंदी. नागपूरच्या झोपडपट्टीतील बोलणे हिंदी-मराठीच्या सीमेवरचे असल्याने ही निवड अवास्तव ठरत नाही, आणि कलाकृती म्हणून तीत खोट काढण्याचे कारणही नाही. प्रश्न निराळा आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ अशी रूपे वापरणारी, ‘डोळा’ या शब्दाचा ‘डोया’ करणारी, ‘तो काय करून राहिला’ असे सहज विचारणारी बोली दरमहा पैसे भरणाऱ्या हजारो घरांत बोलली जाते. पण त्या पैशाच्या जोरावर ती पडद्यावर येत नाही. आली तर विनोदी नोकराच्या तोंडी येते. ‘नाळ’सारखा (२०१८) अपवाद घडतो तो दिग्दर्शकाच्या आग्रहाने, ग्राहकाच्या मागणीने नव्हे.

येथवरचे विवेचन वाचून सार्वजनिक प्रसारणाच्या कैवाऱ्यास समाधान वाटण्याचा संभव आहे. ते अकाली ठरेल. ग्रियर्सनने भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ साली वऱ्हाडी-नागपुरीची स्वतंत्र दखल घेतली होती. तिच्या प्रदेशात केंद्र उघडूनही आकाशवाणीने तिला जागा दिली ती मुख्यतः ग्रामीण कार्यक्रमांत व लोकगीतांत. शेतकऱ्याने खताविषयी प्रश्न विचारावा तो बोलीत. बातमी सांगावयाची ती प्रमाण मराठीतच. बातमीपुरते एकच प्रमाणरूप ठेवणे व्यवहार्य आहे हे मान्य. पण चर्चा, मुलाखत, समालोचन या प्रकारांतही बोलीचा उंबरठा ओलांडला गेला नाही. त्यामुळे ‘घरात बोलावयाची’ आणि ‘रेडिओवर बोलावयाची’ अशी जी विभागणी श्रोत्याच्या मनात ठसली, तिचे अपश्रेय सरकारी संस्थेकडे जाते. मंचांनी ती आयती उचलली, इतकेच.

लोक स्वतःच्या बोलीसाठी पैसे देत नाहीत, असा एक युक्तिवाद याठिकाणी पुढे केला जातो. झाडीपट्टीची रंगभूमी त्याला जिवंत उत्तर आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगाव नाटके होतात. गावातील मंडळ वडशास, म्हणजे देसाईगंजास, जाऊन नाट्यकंपनी ठरविते, मंडप घालते, तिकिटे विकते, तोटा आला तर तोही सोसते. मंडई असो वा शंकरपट, पाहुणे आले की रात्री नाटक व्हावयाचेच, आणि त्यासाठी कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो. नाटकांचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. मधल्या लावण्यांविषयी तर सुज्ञांची तक्रार जुनीच आहे. पण येथे पैसे देणारा आणि नाटक ठरविणारा एकाच गावचा असतो. नाटक पडले तर दुसऱ्या दिवशी पारावर मंडळाच्या चालकांना त्याची उत्तरे द्यावी लागतात. वर्गणी या शब्दाचा पुरा अर्थ येथे आढळतो: देणाऱ्यास बोलण्याचा अधिकार, आणि घेणाऱ्यास ऐकण्याचे बंधन. हा अधिकार ना मंचाच्या ग्राहकास आहे, ना कर भरणाऱ्या नागरिकास.

सार्वजनिक प्रसारणावरील सर्वांत जुना आक्षेप असा की, ते सत्ताधाऱ्यांचे मुखपत्र बनते. आणीबाणीच्या काळाने (१९७५-७७) हा आक्षेप निर्विवाद केला. तत्पूर्वी चंदा समितीने १९६६ साली व नंतर वर्गीज समितीने १९७८ साली प्रसारणास सरकारी खात्यापासून वेगळे करावे असे सुचविले होते. अधिनियम १९९० साली झाला, अंमलात येण्यास १९९७ उजाडले. दरम्यान १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. हुडकेश्वरच्या फोनवर येणारी मालिकाही अखेरच्या टप्प्यात अशाच लहरींवरून येते. पण त्या लहरी लिलावात विकल्या गेल्या की त्यांवरून जाणाऱ्या आशयाचे सार्वजनिक दायित्व कोठे संपते, याचा विचार न्यायालयाच्या त्या निर्णयानंतरही झालेला नाही.

परंतु मुखपत्रत्वाच्या आक्षेपावरून मंचाच्या रिचार्जकडे वळणे म्हणजे पंचायतीचा कारभार बिघडला म्हणून गावातील विहीर सोडून बाटलीचे पाणी घेण्यासारखे आहे. ज्याला परवडते तो घेतो. विहिरीचा गाळ तसाच राहतो. तो काढण्याची योजना अधिनियमात नव्हती असेही नाही. चौदाव्या कलमात प्रसारण परिषदेची तरतूद आहे. अध्यक्ष व दहा मान्यवर, त्यांच्या जोडीस चार संसद-सदस्य, त्यांनी श्रोत्यांच्या तक्रारी ऐकाव्यात, महामंडळास सल्ला द्यावा, गरजेनुसार प्रादेशिक परिषदाही नेमाव्यात, असे तेथे लिहिले आहे. ही परिषद कागदावरच राहिली. स्वायत्ततेच्या चर्चेत महामंडळाच्या निधीविषयी पुष्कळ लिहिले गेले. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या यंत्रसामग्रीसाठी २,५३९ कोटी ६१ लक्ष रुपयांची योजना मंजूर झाली तेव्हाही चर्चा झाली ती प्रक्षेपकांची व स्टुडिओंची. श्रोत्याच्या आसनाचा खर्च यापुढे नगण्य आहे. पण तो कोणत्याही अंदाजपत्रकात आढळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हा स्वतःचा मंच काढला, आणि सार्वजनिक संस्थाही श्रोत्यास ‘वापरकर्ता’ म्हणू लागली.

आसन नसले म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. १९८८ साली सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर चाले, आणि नागपूरजवळच्या महाशक्तिशाली प्रक्षेपकावरून देशभर ऐकू येई. २०१८ च्या अखेरीस निघालेल्या एका आदेशाने ती बंद करण्यात आली. कारण काटकसरीचे देण्यात आले. श्रोत्यांना विचारण्याचा प्रश्न उद्भवला नाही, कारण विचारावे अशी जागाच नव्हती. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून सकाळी ७ वाजून १० मिनिटांचे बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा मात्र पुण्यात ओरड झाली, लोकप्रतिनिधींनी मंत्र्यांकडे धाव घेतली, आणि निर्णय स्थगित झाला. पुण्याच्या श्रोत्यांपाशी परवान्याची पुस्तिका नव्हती, वर्गणीची पावती नव्हती. त्यांच्यापाशी वृत्तपत्रे होती आणि दिल्लीत ओळख असलेली माणसे होती. हुडकेश्वरच्या श्रोत्यापाशी यांपैकी काय आहे, हे नागपूरच्या बातमीपत्रावर तशी वेळ आली म्हणजे दिसेल.