दह्याआधीची शिंपटी

'श्यामची आई'तल्या बाराव्या रात्रीच्या गोष्टीचं नाव 'श्यामचे पोहणे'. आपल्या लक्षात ती राहते आईच्या समजुतीच्या शब्दांसाठी आणि जेवताना तिनं श्यामला दिलेल्या दह्यासाठी. ही गोष्ट सांगताना लोकांचा आवाज त्या दह्यापाशी हमखास ओला होतो. त्याआधीची पानं मात्र आपण भरभर उलटतो. त्या पानांत पाण्याला घाबरणारा एक मुलगा माळ्यावर लपून बसलाय, आई त्याला शोधून काढते, हातात शिंपटी घेते आणि मारत मारत विहिरीकडे नेते. तो रडतो, गयावया करतो. शिंपटी थांबत नाही.

साने गुरुजी यातलं काही लपवत नाहीत, हे आधी मान्य करायला हवं. 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, चारपाच दिवसांत, आई जाऊन पंधराएक वर्षं झाल्यावर त्यांनी हे पुस्तक लिहिलं. इतक्या भक्तीनं लिहिणाऱ्याला ही गोष्ट गाळता आली असती. त्यांनी ती ठेवली, मुलाच्या भीतीसकट ठेवली. तेव्हा माझं भांडण पुस्तकाशी कमी आणि नव्वद वर्षं ते वाचणाऱ्या आपल्याशी जास्त आहे.

आई मारण्याचं कारण काय देते? बुडशील, म्हणून पोहायला शीक, हे कारण कोकणात अगदी खरं ठरलं असतं. आमच्या हेदवीत बामणघळीत भरतीचं पाणी कसं उसळतं ते पाहिलेल्या कुणालाही ते पटेल. पण श्यामची आई समजूत घालते ती वेगळीच. लोक तुला भित्रा म्हणतील, आणि ते मला कसं सहन होईल? म्हणजे शिंपटी आईच्या हातात असली तरी तिच्यामागे सगळा गाव उभा आहे. ज्या बाईला नवऱ्याच्या कर्जाबद्दल, घराच्या वाटणीबद्दल कुणी विचारत नाही, तिला मुलाच्या वागण्याबद्दल मात्र सगळे विचारतात. मुलाचं अंग हा तिच्या अखत्यारीतला एकमेव मुलूख.

हे समजून घेणं म्हणजे तिला माफ करणं नव्हे. मला अडतं ते दह्यापाशी.

गेल्या मे महिन्यात वाडीतल्या एका वहिनीनं आपल्या सात वर्षांच्या मुलाला निरगुडीच्या फोकेनं मारलं. आंब्याच्या पेटीतले पैसे त्यानं घेतले होते. शेजारची काकू मध्ये पडायला आली, वळ पाहिले आणि म्हणाली, "असू दे, श्यामच्या आईनं नव्हतं का मारलं?" संध्याकाळी वहिनीनं त्या मुलाला घावण करून घातले, त्याच्या पाठीला खोबरेल लावलं. दोन दिवसांनी मी तिच्याशी बोलत होतो. तिच्या नवऱ्याचा हात उठतो हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मारतात हो भाऊजी, पण दुसऱ्या दिवशी स्वतः बंदरावर जाऊन सुरमई आणतात. जीव आहे त्यांचा माझ्यावर."

हे ऐकल्यापासून मला बारावी रात्र पूर्वीसारखी वाचता येत नाही. आधी मार, मग माया, मग त्या मायेवरून माराचा अर्थ लावायचा. वहिनीचं वाक्य आणि आपलं त्या गोष्टीचं वाचन यांचं व्याकरण एकच आहे. मारणारा हात आणि भरवणारा हात एकच असतो, आणि मार हा त्या प्रेमाचाच पुरावा असतो, हे माणूस लग्नानंतर शिकत नाही. ते सातव्या वर्षी, घावण खाताना, पाठीला तेल लागत असताना शिकून होतं. मुलगी असेल तर पुढे ती सुरमईत जीव शोधते. मुलगा असेल तर सुरमई आणायला शिकतो.

कायद्याचंही या बाबतीत दुटप्पीच आहे. 2005च्या कायद्यानं घरातल्या बाईवर उठलेल्या हाताला हिंसा म्हटलं. मूल त्या कायद्यात तिच्या पदराआड येतं. तिच्याच हाताविरुद्ध त्याला तिथे फारसं काही म्हणता येत नाही. उलट 1860च्या दंड संहितेचं कलम 89 बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं सद्भावनेनं केलेल्या कृतीला संरक्षण देत होतं. सद्भावना! आमच्या वाडीतले सगळेच सद्भावनेनं मारतात.

हेदवीच्या उत्तरेला दाभोळची खाडी, तिच्यापलीकडे दापोली तालुक्यात श्यामचं पालगड. दक्षिणेला जयगडची खाडी, तिच्यापलीकडे रत्नागिरीजवळ उर्मिला पवारांचं फणसवळे. 'आयदान' 2003 साली आलं. त्यातही मार आहे, आई आहे, पण त्यांची मांडणी अगदी वेगळी आहे. शाळेच्या आवारातल्या शेणावरून गुरुजी लहान उर्मिलाला थोबाडीत मारतात. शेण काढायचं काम तिच्यावरच का येतं, हे वेगळं सांगायला नको. ती रडत घरी येते. आई आयदानं विणत बसलेली. गुरुजी रस्त्यानं जाताना दिसतात तेव्हा ही विधवा बाई त्यांना हटकते, जाब विचारते आणि पोरीला पुन्हा हात लावायचा नाही असं बजावते.

ही आई प्रेमळ म्हणून रंगवलेली नाही. शोकानं आणि कष्टानं ती कडवट झालेली आहे, तिच्या तोंडी समजुतीचे गोड शब्द फारसे नाहीत. पण त्या दिवशी ती मुलीच्या गालाकडे पाहून गावाच्या बाजूनं बोलत नाही. लोक काय म्हणतील, गुरुजी काय करतील, याचा धाक तिला श्यामच्या आईपेक्षा कितीतरी जास्त असायला हवा होता. जातीनं तो रोज दाखवलाच होता. तरी तिचा राग मारणाऱ्याकडे वळतो. आणि नंतर दही नाही, घावण नाहीत. लेखिका सांगते त्याप्रमाणे, त्या दिवसानंतर तिला आईचा आधार वाटू लागला.

आता काहीजण म्हणतील की ही तुलना अन्यायाची आहे: एक आई स्वतः मारतेय, दुसरी परक्याच्या माराला अडवतेय. खरं आहे. म्हणून श्यामच्या आईचाही असा एक प्रसंग पाहायला हवा, आणि तो पुस्तकात आहे. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो, नको ते बोलतो, आणि ही एरवी सोशिक बाई अशी उसळते की वाचताना अंगावर काटा येतो. विहिरीच्या वाटेवर श्यामच्या पाठीवर पडला तोच हा जोर; फक्त इथे तो योग्य माणसावर आहे. पण इथे त्याचा उपयोग होत नाही. जप्तीची दवंडी गावात फिरायची ती फिरतेच.

मला वाटतं, साने गुरुजींच्या पुस्तकातलं सर्वांत जड दुःख हे आहे, आणि आपण ते 'संस्कार' या शब्दाखाली झाकून ठेवलंय. त्या बाईचा राग सावकारापुढे हरतो आणि आठदहा वर्षांच्या मुलापुढे जिंकतो. शालेय स्पर्धांत मुलं बारावी रात्र पाठ करून म्हणतात, बक्षिसं घेतात. सावकाराच्या माणसावर उसळलेली आई पाठ करणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

वहिनीच्या मुलाच्या शाळेतही यंदा ही स्पर्धा आहे. त्यानं दह्याचा भाग निवडलाय.