‘मुक्त’ या शब्दाची किंमत

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं एक गोष्ट घोकून घेतली. ‘अमुक आहे’ हे दाखवायला एक उदाहरण पुरतं. ‘अमुक कुठेच नाही’ हे सिद्ध करायला सगळं जग धुंडाळावं लागतं. व्हीपी८ची हकिगत आम्हाला म्हणूनच बोचते.

व्हिडिओ दाबून लहान करण्याचं हे तंत्र गूगलनं ऑन२ ही कंपनी विकत घेऊन मिळवलं आणि मे २०१०मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांना मोकळा केला. स्वतःच्या पेटंटांचा हक्कही फुकट दिला. पण दुसऱ्यांच्या पेटंटांचं काय? एच.२६४चे परवाने विकणाऱ्या एमपीईजी एलएनं फेब्रुवारी २०११मध्ये आवाहन केलं, की व्हीपी८ला अडवू शकतील अशी पेटंटं कुणाकडे असतील तर पुढे या. झालं! कोर्टात काहीही सिद्ध न होता वापरणाऱ्याच्या मनात धाकधूक.

मार्च २०१३मध्ये ११ पेटंटधारकांकडून गूगलनं परवाना घेतला, तोही पुढे सर्वांना देता येईल असा. हा मुक्त तंत्राचा विजय, असं पुष्कळांनी म्हटलं. आम्हाला ते पटत नाही. परवाना घेतला, पण उल्लंघन कबूल केलं नाही. म्हणजे प्रश्न सुटला नाही, नुसता मिटवला. गूगलच्या जागी एखादा एकटा प्रोग्रामर असता, तर त्याच्याशी बोलणी करायला कोण बसलं असतं?

शिवाय नोकिया या समझोत्याबाहेरच होती. ऑगस्टमध्ये मानहाइमच्या कोर्टानं एचटीसीविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला, की व्हीपी८मुळे नोकियाच्या पेटंटाचं उल्लंघन होत नाही. पण तो निकाल एका पेटंटापुरता. नोकियानं पुढे केलेली यादी बरीच लांब होती.