प्येरोचे मौन

फ्रेंच मूकनाट्यातील पांढऱ्या चेहऱ्याचा प्येरो म्हटला की विरहव्याकुळ, चंद्रवेडा जीव डोळ्यांपुढे उभा राहतो. ही प्रतिमा पुष्कळशी साहित्यिकांनी, व पुढे मार्सेल कार्ने यांच्या १९४५ च्या चित्रपटाने रूढ केलेली आहे. पॅरिसच्या फ्युनांब्युल नाटकगृहात देब्युरो (१७९६–१८४६) याने उभा केलेला प्येरो खादाड, लबाड, प्रसंगी निर्दयही होता.

त्याचे मौनही मुळात काव्यमय नव्हे. अशा लहान नाटकगृहांना संवादाची मोकळीक नसे. मौन आले ते कायद्यामुळे. मात्र या बंधनाचेच देब्युरोने साधन केले. गळ्याभोवतीची रुंद झालर त्याने काढून टाकली, डोक्यावर घट्ट काळी टोपी चढविली. परिणामी चेहरा वेगळा उठून दिसू लागला व भुवईची किंचित हालचालही अर्थवाही झाली. भाषेत विरोधामुळे अर्थभेद सिद्ध होतो, तसेच हे. (१८३६ मध्ये एका तरुणाच्या मृत्यूबद्दल त्याच्यावर खटला चालला व तो निर्दोष सुटला, त्याचा आवाज ऐकावयास लोक न्यायालयात जमले, असे सांगतात.)

तेओफिल गोतिए यांना १८४२ मध्ये फ्युनांब्युलच्या एका मूकनाट्यात शेक्सपिअर दिसला. लेख वाचनीय खरा. पण त्यात प्येरोपेक्षा गोतिएच अधिक भेटतात.