मेंदूतले ‘सैनिक’

चांदीपुरा विषाणूची बातमी आली की मराठी वर्तमानपत्रांत लगेच युद्ध सुरू होतं. विषाणू ‘हल्ला चढवतो’, मेंदूतल्या पेशी ‘सैनिक’ होतात, मूल दगावलं की ‘झुंज अपयशी’. ही भाषा मला खटकते, आणि त्याला कारण आहे.

कन्नडला आमच्या गल्लीत एका मुलाला ताप आला, रात्री झटके आले. दोन दिवसांत गेला. मेंदूज्वर, एवढंच कळलं. ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असं कुणीतरी त्याच्या आईला सांगितलं. काकू अजून विचारतात, माझं दूध कमी पडलं का रे? सैनिक हरले म्हणजे कुणीतरी त्यांना उपाशी ठेवलं असणार! रूपकातला हिशेब त्यांनी बरोबर मांडला. रूपकच चुकीचं आहे.

चांदीपुरा इथलाच. १९६५ साली नागपुरात तापाच्या रुग्णांमध्ये तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला सापडला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली.

आता ते ‘सैनिक’. मायक्रोग्लिया या पेशी आपण गर्भात असतानाच मेंदूत येऊन वस्ती करतात. एरवी बारीक फांद्या हलवत आसपास चाचपडतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. विषाणूची चाहूल लागली की इंटरफेरॉन सोडतात, रक्तातल्या पेशींना बोलावणं धाडतात. त्या काढून टाकलेले उंदीर वेस्ट नाइल विषाणूने जास्त मरतात. म्हणजे त्या हव्यातच. पण मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसूंच्या गटाने जपानी मेंदूज्वरावर काम केलं, त्यात दुसरी बाजू दिसते. मायक्रोग्लिया पेटून उठल्या की त्यांच्या रसायनांनी न्यूरॉनही मरतात. त्यांना थंड करणारं मिनोसायक्लिन दिलेले उंदीर जास्त जगले. माणसांवरच्या चाचणीत मात्र इतका ठाम फायदा दिसला नाही.

हे कुठल्या युद्धात बसवणार? मला आमच्या धंद्यातला रिट्राय स्टॉर्म आठवतो. एक सर्व्हर अडखळतो, बाकीचे पुन्हा पुन्हा त्याचंच दार ठोठावतात आणि तो पुरता झोपतो. पण सर्व्हर रीस्टार्ट होतो, त्यामुळे माझीही उपमा बाद.

घरातला साधा शब्द आहे की, सूज. दिवाळीत काकूंना म्हटलं, त्याच्या मेंदूला सूज आली होती, आणि कवटीत सुजायला जागा नसते. यात तुमच्या दुधाचा काय संबंध?

“पाय मुरगळल्यावर येते तशी?”

“तशीच, काकू.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा टाकायला उठल्या.