'केवळ संशोधनार्थ' : प्रयोगशाळेतील पेप्टाइडांच्या वापराचे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना :
पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. जैवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र या शाखांत संशोधनासाठी पेप्टाइडे वापरली जातात. त्यांच्या बाटलीवर 'केवळ संशोधनार्थ' अशी सूचना असते. ही सूचना काय सांगते आणि कोठे अपुरी पडते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
इबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड १९९० मध्ये भारतीय लाल विंचवाच्या विषातून वेगळे करण्यात आले. पेशीतील विशिष्ट पोटॅशियम मार्ग ते रोखते, म्हणून संशोधकांना ते मोलाचे साधन वाटते. याच विंचवाच्या दंशाने कोकणात अनेकांचे, विशेषतः बालकांचे, प्राण जात असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात महाड परिसरात प्राझोसिनची उपयुक्तता दाखवून दिली, तेव्हा हे मृत्यू आटोक्यात आले. जे विष घात करते त्याच विषाचा एक अंश ज्ञानाचे साधन होतो, तो केवळ नेमकी मात्रा व काटेकोर हाताळणी यांच्या बळावर.

बाटलीवरील '९८ टक्के शुद्धता' हा आकडाही तपासून वाचावा लागतो. तो इतर पेप्टाइड-अशुद्धींच्या तुलनेतील प्रमाण दर्शवितो. पदार्थ निर्जंतुक आहे, असे तो सांगत नाही. भुकटीत क्षार व पाण्याचा अंशही असल्याने एक मिलिग्रॅम भुकटी म्हणजे एक मिलिग्रॅम पेप्टाइड नव्हे. म्हणूनच असा पदार्थ माणसाच्या शरीरात टोचणे सर्वथा अनुचित ठरते.

हाताळणीचे नियम साधे आहेत. शीतपेटीतून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, अन्यथा भुकटी हवेतील ओल शोषते. हलकी भुकटी उडते, म्हणून हातमोजे व चष्मा आवश्यक होत. द्रावणाचे लहान भाग करून गोठवावेत; वारंवार वितळविल्याने पेप्टाइडाची हानी होते. प्रत्येक भागावर नाव, तीव्रता व दिनांक लिहावा. वीज गेल्यास शीतपेटीच्या तापमानाची नोंद ठेवावी.

सूचना छापली म्हणजे कर्तव्य संपले, या समजुतीची किंमत यवतमाळ जिल्ह्याने मोजली आहे. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत येथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो बाधित झाले. कीटकनाशकाच्या डब्यावर धोकादर्शक त्रिकोण छापणे १९७१च्या नियमांनुसार बंधनकारक होते. परंतु छापील त्रिकोण फवारणाऱ्याच्या नाकातोंडाचे रक्षण करीत नाही. त्यासाठी साधने, प्रशिक्षण व त्याला कळणारी भाषा लागते.

निष्कर्ष :
शेतातील हा धडा प्रयोगशाळेलाही लागू पडतो. इंग्रजी माहितीपत्रक विद्यार्थ्याच्या हाती देऊन मार्गदर्शकाची जबाबदारी सरत नाही. पहिली बाटली उघडण्यापूर्वी ते मराठीतून समजावून देणे, संरक्षक साधने पुरविणे आणि वापराची नोंदवही तपासणे ही महाविद्यालयाची कर्तव्ये होत. ती पार पडली तरच 'केवळ संशोधनार्थ' या शब्दांना अर्थ प्राप्त होईल.