रानबैलाची शिंगे आणि देवाचा शोध

शेतीचा उदय हवामान, लोकसंख्या व अन्नाची निकड यांतून झाला, असे सामान्यतः मानले जाते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाक कोव्हँ यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा क्रम उलटा केला. त्यांच्या मते आधी देव जन्मले, नंतर शेती. देवीरूप स्त्री आणि देवरूप बैल ही जोडी प्रथम मानवी मनात अवतरली व त्या मनःक्रांतीतून मनुष्य निसर्गावर सत्ता गाजवू लागला.

या प्रतिपादनातील एक निरीक्षण मोलाचे आहे. सीरियात युफ्रेटिसकाठी मुरेबेत येथे घरातील मातीच्या ओट्यांत रानबैलाची शिंगे पुरलेली आढळली. त्या काळी तेथे गुरे माणसाळलेली नव्हती. दावणीला येण्यापूर्वीच बैल प्रतीक झाला होता. केवळ पोटाच्या हिशेबाने याचा उलगडा होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु प्रतीक सापडले म्हणजे देव सापडला काय? तुर्कस्तानातील चातालह्युयुक येथे जेम्स मेलार्ट यांनी १९६१ ते १९६५ या काळात उत्खनन केले आणि शिंगे बसविलेल्या अनेक खोल्यांना देवालये ठरविले. १९९३ पासून इयन हॉडर यांच्या नेतृत्वाखाली तेथे नव्याने संशोधन झाले. अशा खोल्यांत चुली, धान्याच्या कणग्या आणि ओट्यांखाली मृतांची दफने आढळली. ती राहती घरेच होती. स्वतंत्र मंदिराचा वा पुरोहितवर्गाचा ठोस पुरावा मिळाला नाही.

हाडांची साक्षही बोलकी आहे. नित्याचे मांस प्रामुख्याने शेळ्या-मेंढ्यांचे. रानबैलाची हाडे मोठ्या सामुदायिक भोजनांच्या अवशेषांत विशेषत्वाने आढळतात. एवढे महाकाय जनावर मारणे वा खाऊन संपविणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. भिंतीवरील प्रसिद्ध चित्रात तांबड्या बैलाभोवती लहान लहान माणसे वावरतात; ती नतमस्तक झालेली नाहीत. तेव्हा भिंतीतली शिंगे ही सामूहिक शिकारीची, सहभोजनाची व घराण्याच्या प्रतिष्ठेची जपलेली स्मृती होती, हा अर्थ पुराव्याला अधिक जुळतो. त्या स्मृतीत भय आणि आदर असेल. पण आदर म्हणजे उपासना नव्हे, आणि उपासनेवाचून देव सिद्ध होत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. शेतीचे मूळ देवकल्पनेत ठेवले की बी राखणाऱ्या, पेरणाऱ्या, कापणाऱ्या असंख्य पिढ्यांचे श्रम व त्यांची बुद्धी दुय्यम ठरते. कोव्हँ यांनी मानवी मनाला इतिहासात स्थान दिले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्या मनात देव त्यांनी स्वतः बसविला, उत्खननाने नव्हे.